पटाची दाण, हायवेची लेन

माझं सगळं कामाचं आयुष्य डाव्या सीटवर गेलं. उजव्या सीटवरची माणसं बदलत राहिली, मी आपली डावीकडेच. साकोलीत आमचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. कागदपत्रं नवरा सांभाळतो, रस्ता मी सांभाळते. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो, स्टिअरिंग मात्र नसतं. म्हणजे गाडी थांबवण्याचा अधिकार मला आहे, वळवण्याचा नाही. घरी नेमकं उलटं आहे, असं नवऱ्याचं मत. तिथे मी हवं तिकडे वळवते आणि मला थांबवणारा ब्रेक कुठेच बसवलेला नाही.

त्या डाव्या ब्रेकवर माझा पाय कायम टेकलेला असतो. इतका, की आता तो माझ्या ताब्यात राहिलेला नाही. लग्नाच्या मांडवात खुर्चीवर बसले आणि समोरून वाढपी वरणाची बादली घेऊन जोरात आला, की माझा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. भावाच्या गाडीतून गेले तर तो म्हणतो, "ताई, गाडीतली मॅट फाटून राहिली माझी." बाकीच्या बायका गाडीत चपला काढून मस्त मांडी घालतात, शेंगा खातात. माझ्या नशिबी ती चैन कधी आली नाही.

दुसरं हत्यार म्हणजे आवाज. लग्नाआधी मी आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केलेली आहेत. शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या आजोबांना माईक बंद पडला तरी माझा विलाप ऐकू जायचा. तोच आवाज मी पुढे "ब्रेऽऽक!" या एका शब्दावर खर्ची घातला. शिकणारा थांबतोच. कधीकधी बाजूने चाललेला सायकलवालाही उतरून उभा राहतो.

तर हल्ली लोक मला एक प्रश्न फार विचारतात. हायवेवरची वेगमर्यादा वाढवायला पाहिजे की नाही? विचारणाऱ्यांत सगळ्यात पुढे आमचे गुड्डूभाऊ. बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, गाडी ते माझ्याकडेच शिकले, आणि नवी गाडी घेतल्यापासून देशाचा वेग त्या मर्यादेच्या पाटीमुळेच अडला आहे असं त्यांना वाटतं.

"मॅडम, एवढा चौपदरी रोड बनवला कायले? धान वाळवाले?" एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं.

"वाळवून तर राहिले, भाऊ."

"मजाक नका करू. एकशेवीस पायजे. गाडीत दम आहे, रोडमंदी दम आहे, मंग पाटीवर काहून नाई?"

"आणि तुम्ही चालवता कोणत्या लेनमध्ये?"

"उजव्या. डावी लेन ट्रकवाल्याईची."

ज्यांनी कधी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. चौपदरी रस्त्यावर जायला दोन पदर, यायला दोन, मध्ये दुभाजक. आपल्या दोन पदरांपैकी डावा चालायचा. उजवा फक्त पुढच्याला ओलांडण्यापुरता, आणि ओलांडलं की परत डावीकडे यायचं. एवढीच ती लेनची शिस्त. पण आपल्याकडे ट्रकवाल्यांना वाटतं, डावीकडे खड्डे, गुरं आणि वाळत घातलेलं धान, म्हणून उजवी बरी. गुड्डूभाऊंना वाटतं, उजवी आपल्यासारख्यांची. त्यामुळे रेंगाळणारे सगळे उजवीकडे आणि पळणारे सगळे डावीकडून. जणू आख्खा हायवे आरशात पाहून काढला आहे. अशा रस्त्यावर एकशेवीस म्हणजे काय, ते मी डाव्या सीटवरून पुष्कळ वेळा पाहिलं आहे, आणि पाहताना डोळे मिटले आहेत.

हे मी वर्गात समजावून सांगायची. फळ्यावर रेघा ओढायची, नाटकातल्यासारखे आवाज बदलून ट्रक व्हायची, कार व्हायची, मधली म्हैस व्हायची. मुलं हसायची, टाळ्या द्यायची, आणि हायवेवर गेली की गुड्डूभाऊ व्हायची. मग एका दिवाळीनंतर आमच्या दारात टीकारामभाऊ उभे राहिले.

टीकारामभाऊ म्हणजे सानगडीकडचा नावाजलेला धुरकरी. आमच्याकडे धानाची कापणी आटोपली की गावोगावी शंकरपट भरतात. बैलजोड्यांच्या शर्यती. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची, वर एकच माणूस, तो धुरकरी. पटाच्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे, सोयरिकी जुळतात, रात्री नाटक. मधल्या काळात पट बंद होते, तेव्हा आमची गावं हिवाळ्यात आजारी माणसासारखी गप्प पडून असायची. पट परत सुरू झाले आणि टीकारामभाऊंनी मिशा परत काळ्या केल्या.

मिशीवाचून त्यांचं वर्णन करताच येणार नाही. वय पंचावन्नच्या पुढे, अंगात गुलाबी सदरा, गळ्यात गमछा, आणि मागे त्यांना पाहायला आलेली चार-सहा माणसं. माझ्या नवऱ्याने त्यांना ओळखलं आणि खुर्ची पुसायला धावला. सासऱ्यांसाठीसुद्धा त्याने कधी खुर्ची पुसली नव्हती.

"बाई, मले गाडी शिकवा," ते म्हणाले. "पर एक सांगून देतो. मले जोराची नाई शिकाची. मले हळूची शिकाची आहे."

पटावर वाऱ्याशी बोलणारा माणूस, आणि त्याला हळू शिकायचं होतं! मी चहा मागवला.

त्यांच्या जोडीचं नाव हिऱ्या आणि बादल. गोऱ्हे होते तेव्हापासून घरी वाढवलेली. लांबच्या पटाला जोडी चालवत नेली तर तिथे पोचेपर्यंतच थकते, म्हणून भाड्याच्या पिकअपमधून न्यायचे. मागच्या हंगामात पिकअपवाल्याला घाई होती. हायवेवर भन्नाट सुटला आणि पुढे गाडी आडवी आल्यावर करकचून ब्रेक मारला. मागे बादल दोन्ही गुडघ्यांवर आदळला, कातडी सोलून निघाली.

"जखम भरली जी," टीकारामभाऊ म्हणाले. "पर आता पिकअप पायली का पाय रोवते. चढतच नाई. पटाले जाईन नाई तं पटाचा बैल कायचा? पोट्टे म्हणतात, विकून टाका जोडी. गिऱ्हाईक येऊन पाहून गेले." त्यांनी कप खाली ठेवला. "जुनी पिकअप घेतली मी. आता मीच नेतो त्याईले. मी चालवीन तं बादल चढेल. या हंगामात नाई चढला, तं मंग पोट्ट्याईचं ऐकतो."

हे होतं त्यांचं गणित. बादल गाडीत चढला तर जोडी घरी राहणार, नाही तर जाणार. मी म्हटलं, चला, उजव्या सीटवर बसा.

पहिल्या दिवशी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर गाडी नेली. टीकारामभाऊंनी गाडी सुरू केली, मिशीवरून हात फिरवला आणि क्लच असा अलगद सोडला की मी मनात म्हटलं, हा माणूस आठवड्यात तयार. पुढे तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, मोठा ढीग होता. मी म्हटलं, "थांबवा."

त्यांनी थांबवली. म्हणजे त्यांच्या पद्धतीने थांबवली. "होऽऽ होऽऽ!" करत स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीकडे ओढलं, अंग मागे रेललं आणि पाय पुढे रोवले. छकड्यावर कासरा असा ओढला की बैल थांबतात. गाडीत मात्र त्या रोवलेल्या पायाखाली ॲक्सिलरेटर असतो. गाडी उधळली. "होऽऽ!" आणखी मोठ्याने झालं, गाडी आणखी उधळली. मी माझा शेवटच्या रांगेचा आवाज लावला आणि डावा ब्रेक दाबला. तणसापासून वीतभर अंतरावर आम्ही थांबलो.

टीकारामभाऊंनी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. "भलतीच अडेल आहे तुमची गाडी," ते म्हणाले. "आपल्या बैलानं ऐकलं असतं."

एवढ्या वर्षांत मी ब्रेकच्या जागी हॉर्न दाबणारे पाहिले, डोळे मिटून घेणारे पाहिले, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला नमस्कार करणारे एक निवृत्त गुरुजीही पाहिले. पण स्टिअरिंगचा कासरा करणारा माणूस हाच. ती खोड हातापायांत इतकी मुरलेली होती की बोलून जाईना. जेव्हा जेव्हा अचानक काही समोर येई, तेव्हा तेव्हा "होऽऽ!"

उपाय सुमनवहिनींनी काढला. सुमनवहिनी म्हणजे टीकारामभाऊंची बायको. शेतात पिकअपवर सराव चालला होता, त्या बांधावर बसून बघत होत्या. उठल्या, पदर खोचला आणि पिकअपच्या मागच्या भागात चढून उभ्या राहिल्या.

"मी बादल आहे," त्या म्हणाल्या. "चालवा आता."

कापलेल्या धानाच्या बांदीत, म्हणजे बांधांमधल्या रिकाम्या खाचरात, पिकअप गोल फिरू लागली. मी म्हणायची "थांबवा," आणि मागून निकाल यायचा. "माह्या गुडघ्याले हिसका बसला! बैलाचं काय होईन?" पुन्हा फेरी. "आता बरं होतं. पर शेवटी कायले धक्का देता?" पुन्हा फेरी. टीकारामभाऊंनी आयुष्यात कोणाकडून इतकं ऐकून घेतलं नसेल. पण मागे आपलं माणूस उभं आहे म्हटल्यावर त्यांचे पाय सुधारले. कासरा सुटला आणि ब्रेकवर पाय असा टेकू लागला, जसा झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा. एका संध्याकाळी पिकअप थांबली आणि मागून काहीच आवाज आला नाही. आम्ही घाबरून वळून पाहिलं. वहिनी पिकअपच्या कडेला टेकून निवांत सुपारी कातरत होत्या.

"थांबली का?" त्यांनी विचारलं. "मले समजलंच नाई."

मग हायवे. इथे मला वाटलं होतं, खरी झटापट होईल. आणि इथेच मी आ वासून बघत राहिले. आमच्या 'एल' पाटीच्या गाडीत टीकारामभाऊ पहिल्या मिनिटापासून डाव्या लेनच्या बरोबर मध्यावर. पांढऱ्या रेघेला चाक लागू देत नव्हते. बाजूने एक मोटारसायकलवाला नागमोडी गेला, तर यांनी मान बाहेर काढून हाक दिली, "अबे, आपल्या दाणीतून चाल नं!"

मी विचारलं, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवाचं काय त्याच्यात? दाण आहे ना ही."

पटात दोन जोड्या एकाच वेळी सुटतात. दोघींसाठी शेजारी शेजारी दोन वाटा आखलेल्या असतात, त्या वाटेला म्हणतात दाण. आपली जोडी दुसऱ्याच्या दाणीत शिरली की बाद. मग ती कितीही पुढे असो.

"लोकाले वाटते, पट म्हणजे वेग," टीकारामभाऊ म्हणाले. "वेग तं बैलाजवळ आहेच जी. धुरकऱ्याचं काम एकच, दाण सुटू नाई द्याची. दाण सुटली, मंग तुमचा वेग कोण मोजते?"

वर्षानुवर्षं मी फळ्यावर ट्रक आणि म्हैस होऊन जे सांगत होते, ते या मिशीवाल्याने चार वाक्यांत उरकलं. मला थोडा राग आला, खरं सांगते. माझी म्हैस फार चांगली व्हायची.

पण अडचणही तिथेच होती. गडी दाण सोडायलाच तयार नव्हता. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर घरघरत चालला होता, उजवी लेन मोकळी होती, आणि टीकारामभाऊ ट्रॅक्टरच्या मागे वरातीत निघाल्यासारखे. मी म्हटलं, "ओलांडा."

"दुसऱ्याच्या दाणीत? बाद होईन ना मी."

शेवटी मी सांगितलं, "भाऊ, उजवी लेन म्हणजे दुसऱ्याचं घर समजा. जायचं तर आधी मागे पाहायचं, इंडिकेटर देऊन कळवायचं, आणि काम झालं की तिथे रेंगाळायचं नाही."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे पाहुणे म्हून जाचं. चहा झाला का निंगाचं."

तेव्हापासून आमच्या स्कूलमध्ये हेच शिकवलं जातं. लेन म्हटलं की मुलं माना डोलावतात आणि विसरतात. दाण म्हटलं की त्यांच्या पाठी ताठ होतात, कारण पट पाहिलेला नाही असं पोरगं आमच्या भागात सापडणार नाही.

टीकारामभाऊंना लायसन्स मिळालं. पण त्यांची खरी परीक्षा घेणारा गोठ्यात उभा होता.

पट लाखनीच्या अलीकडच्या एका गावचा. वहिनींनी निरोप पाठवला, "बाई, तुमी संग चाला. तुमी असाल तं ह्यायले धीर राहीन." मी सकाळीच त्यांच्या घरी गेले. पिकअप बांधाच्या उंचवट्याला मागून टेकवून उभी होती, आत तणस पसरलेलं. हिऱ्या निमूट चढला. बादलने पिकअप पाहिली आणि चारही पाय रोवले. पांढरा शुभ्र, डोळे काठोकाठ काळे. अंगावरचं कातडं थरथरत होतं. घरातले सगळे अंगणात उभे होते. थोरला मुलगा हाताची घडी घालून बादलकडे नाही, बापाकडे पाहत होता.

टीकारामभाऊंनी कोणाला दोर ओढू दिला नाही. वहिनी आपल्या सरावाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि हाका मारू लागल्या. "ये रे बापा. मी उभी होती ना इथं. पडली का मी?" ऊन चढत गेलं. टीकारामभाऊ बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे. किती तरी वेळाने बादलने एक पाय उचलला, ठेवला, परत घेतला. मग दुसऱ्यांदा ठेवला. चढला तेव्हा अंगणात कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही. आवाजाने परत उतरेल म्हणून.

निघालो. वहिनी उतरून घरी राहिल्या, मी डाव्या सीटवर. पिकअपमध्ये डावीकडे ब्रेक नसतो, हे माझ्या डोक्याला ठाऊक होतं, पायाला नव्हतं. साकोली गेली, हायवे लागला, डावी दाण धरली. मागून गाड्या हॉर्न मारत ओलांडून जात होत्या. मी प्रत्येक गाडीला पाय दाबत होते.

"बाई," टीकारामभाऊ समोर पाहत म्हणाले, "तुमच्या पायाखाली नुसता पत्रा आहे जी."

आणि तेवढ्यात दूर, आमच्याच लेनमध्ये, आमच्याकडे तोंड करून एक ट्रॅक्टर येताना दिसला. धानाच्या पोत्यांनी भरलेला, उलट्या बाजूने. माझा पाय पत्र्यात रुतला. उजवीकडे जावं तर आरशात एक पांढरी कार सुसाट येत होती. जोरात ब्रेक मारावा तर मागे बादल. जे मागच्या हंगामात झालं तेच पुन्हा, आणि यावेळी चालवणारा खुद्द मालक. मी "ब्रेऽऽक" म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडावर हात ठेवला. त्या आवाजाने बैल बुजला असता. माझ्या रंगमंचीय कारकिर्दीत मी गिळलेला तो एकमेव संवाद.

टीकारामभाऊंनी काय केलं? मला ते नीट सांगताही येणार नाही, इतकं ते थोडं होतं. ट्रॅक्टर मला दिसायच्या आधीच त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला होता. आरसा पाहिला, "पाहुणे येऊन राहिले तिकडून, आपण नाई जात," असं पुटपुटले. गाडी मंद झाली, आणखी मंद झाली, डांबराच्या कडेला अलगद सरकली आणि उभी राहिली. पांढरी कार बाजूने कर्कश हॉर्न मारत गेली. मी कान मागे लावले. खूर घसरल्याचा आवाज नाही, काही नाही. फक्त बादल तणस चघळत होता.

ट्रॅक्टरवाला समोर येऊन थांबला. "दुभाजकातला कट लय दूर पडते जी," त्याने दात काढले.

टीकारामभाऊंनी मान बाहेर काढली. "मी बैल घेऊन सरळ चाललो, आन् तू इंजन घेऊन उलटा?" मिशी ओळखू आली आणि ट्रॅक्टरवाल्याचे दात आत गेले. "टीकारामभाऊ? माफ करा जी!" म्हणत तो ट्रॅक्टर बाजूच्या मातीत उतरवू लागला.

पटावर तुफान गर्दी. आणि गर्दीत सगळ्यात पुढे, पांढरी कार लावून आलेले गुड्डूभाऊ.

"त्या पिकअपमंदी तुमी होत्या का मॅडम? केवढे हॉर्न मारले मी!"

"ऐकले. बैलांनीही ऐकले."

हिऱ्या-बादलची पाळी आली. निशाण पडलं आणि टीकारामभाऊंच्या हातात काठी नाही, काही नाही, नुसत्या आवाजावर ती जोडी अशी सुटली की मला माझ्या पायाचाही विसर पडला. वेग मला आवडतो, हे इथे सांगून टाकते. कोणाला आवडत नाही? डोळ्यांत पाणी येतं, माणूस मिनिटभर सात जन्मांचा तरुण होतो. धूळ उडवत दोन जोड्या शेजारी शेजारी आणि मध्ये ती आखलेली रेघ. तेवढ्यात दोन पोट्टे बघण्याच्या नादात दाणीत उतरले, तर गुड्डूभाऊच घसा फोडून ओरडले, "अबे, दाणीतून हटा! मरता का?"

मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "भाऊ, हेच उद्या हायवेवर ओरडा. स्वतःच्या गाडीत बसून."

म्हणून वेगमर्यादेबद्दल मला विचारलंत तर माझं म्हणणं असं आहे. वाढवा, खुशाल वाढवा. पटाला कुठे मर्यादा आहे? पण पटाच्या आधी गावातले लोक दाण झाडून घेतात, आखतात, दोन्ही कडांना उभे राहतात, आणि दाण सोडणाऱ्याला बाद करतात, मग तो कोणाचा का मुलगा असेना. तेवढं हायवेवर करा. त्यानंतर पाटीवर काय लिहायचं ते लिहा, मी स्वतः रंगाचा डबा धरते.

आमची जोडी दुसरी आली. टीकारामभाऊंना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष दिवस कलण्याकडे होतं, परतीकडे. सकाळी चढला तो वहिनींच्या हाकेने. आता तर वहिनी घरी होत्या.

पिकअप बांधाला टेकवली. टीकारामभाऊ हिऱ्याचा दोर सोडत होते, गुड्डूभाऊ मला अजून एकशेवीसचे फायदे सांगत होते. बादल बाजूला मोकळाच उभा होता. त्याने पिकअपकडे पाहिलं, टीकारामभाऊंकडे पाहिलं आणि कोणी काही म्हणायच्या आत चार पावलं टाकून आत जाऊन उभा राहिला. मग मान वळवून बाहेर बघू लागला, जणू उशीर आम्हीच करत होतो.

"अरे!" गुड्डूभाऊ म्हणाले. "हे तं सोताच चढलं!"

टीकारामभाऊंनी गमछ्याने मिशी पुसली. बराच वेळ पुसत राहिले. मिशीला धूळ फार लागली असावी.

परतीच्या वाटेवर आम्ही डाव्या दाणीत. मागे एक पांढरी कार होती. हॉर्न न मारता बरीच दूरवर ती मागे राहिली, मग इंडिकेटर देऊन उजवीकडून पुढे गेली आणि परत डावीकडे आली. टीकारामभाऊ म्हणाले, "चहा घेऊन निंगाले पाहुणे." मी हसले. बाजूच्या रिकाम्या बांद्यांवर ऊन पिवळं पडत होतं. मी पदराच्या गाठीतल्या पटावरच्या शेंगा काढल्या, एकेक सोलत, बोलत राहिले.

साकोलीला माझ्या घरापुढे पिकअप उभी राहिली. मी उतरायला पाय खाली घेतला, तर खाली चपला नुसत्याच पडलेल्या होत्या, आणि मी सीटवर मांडी घालून बसले होते.